रिकव्हरी बसत नाही, फोन लोगोवर अडकतो: आधी काय तपासायचं, मग काय फ्लॅश करायचं

कस्टम रिकव्हरी (फोन दुरुस्त करायची किंवा नवी प्रणाली टाकायची, कंपनीबाहेरच्यांनी बनवलेली छोटी यंत्रणा) टाकताना झालेल्या पहिल्या चुकीने फोन सहसा डेड होत नाही. डेड होतो तो पुढच्या अर्ध्या तासात, घाबरून एकामागून एक फाइली मारल्यामुळे, म्हणजे फोनच्या आत लिहिल्यामुळे (यालाच फ्लॅश करणं म्हणतात). एका व्हिडिओतली रिकव्हरी, दुसऱ्यातली व्हीबीमेटा (बाकीच्या फाइली मूळच्याच आहेत का ते ताडणारी फाइल), आणि 'त्या मॉडेलवर चालतंय, यावर पण चालंल' म्हणून कुणीतरी पाठवलेली बूट इमेज (फोन चालू करणाऱ्या भागाची फाइल). त्यामुळे या लेखात फ्लॅश करणं उशिरा येतं. आधी तयारी, मग फोनलाच चार प्रश्न, आणि त्यानंतर एका वेळी एकच इमेज.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. कमांड विंडोत त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. जोडरेघ, अंडरस्कोर आणि मोकळी जागा मात्र इथे आहे तशीच ठेवायची. निम्म्या चुका तिथेच होतात.

## टप्पा १: फोनला हात लावण्याआधी

डेटा. बूटलोडर (फोन चालू होताना सगळ्यात आधी धावणारा प्रोग्राम) अनलॉक केला की फोनमधलं सगळं पुसलं जातं, आणि त्याला पळवाट नाही. फोटो, रेकॉर्डिंग, व्हॉट्सअॅपचा बॅकअप संगणकावर किंवा वेगळ्या कार्डावर उतरवा. गूगल खात्याचा पासवर्ड आठवतोय का, ते दुसऱ्या फोनवर लॉगिन करून खात्रीने बघा. रिकव्हरीतून फोन पुसल्यावर तोच पासवर्ड मागितला जातो आणि तिथे अडकलेले फोन कमी नाहीत. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला. बँकेचा ओटीपी आणि कारखान्याचा उसाच्या बिलाचा मेसेज तुमचा फोन फास्टबूटमध्ये (संगणकावरून फाइली लिहून घेण्याच्या अवस्थेत) आहे म्हणून थांबत नाही. अनलॉक केलेल्या फोनवर काही बँकांची आणि यूपीआयची अॅप चालायला नकार देतात, हेही आधीच धरून चला. घरात एकच फोन असेल तर हा उद्योग त्यावर करू नका.

वीज. तासगाव-जत असो की माण-खटाव, भारनियमनाचं वेळापत्रक बघूनच बसा. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपपेक्षा चार्ज केलेला लॅपटॉप बरा. बूट किंवा रिकव्हरी इमेज साधारण ६४ ते १२८ एमबीची असते, ती काही सेकंदांत लिहून होते. पूर्ण फर्मवेअरमधलं (फोनच्या अख्ख्या प्रणालीच्या संचातलं) 'सुपर' पार्टिशन (स्टोरेजमधला वेगळा कप्पा) मात्र कित्येक जीबीचं, त्याला मिनिटं लागतात. लाइट जाण्याचा खरा धोका तिथे आहे. फोनची बॅटरी ६० टक्क्यांच्या वर ठेवा, कारण बरेच फोन फास्टबूटमध्ये नीट चार्ज होत नाहीत.

इंटरनेट. ही चूक गमतीची वाटते पण नेहमीची आहे: लॅपटॉपला नेट मिळतं ते त्याच फोनच्या हॉटस्पॉटवरून. फोन अडकला की स्टॉक (कंपनीची मूळ) फाइल उतरवायला नेटच उरत नाही. सगळ्या फाइली आधी उतरवून, उघडून, तपासून ठेवा.

केबल आणि पोर्ट. साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा सांगलीत मारुती रोडवर स्वस्तात मिळणाऱ्या काही केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या दोनच तारा असतात. केबल तपासायची सोपी रीत: फोन चालू असताना एक जीबीची फाइल संगणकावरून फोनमध्ये कॉपी करा आणि केबल हलकेच हलवा. कॉपी तुटली तर ती केबल बाजूला टाका. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलीपेक्षा एका टोकाला साधा चौकोनी यूएसबी असलेली केबल फास्टबूटला जास्त भरवशाची. काही नव्या लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टवर फास्टबूट मध्येच गप्प होतं. मधे साधा यूएसबी २ हब लावला की बहुतेक वेळा तिढा सुटतो. रोज रानात खिशात असणाऱ्या फोनच्या पोर्टमध्ये मातीचा थर दबलेला असतो. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने तो काढा. सुई नको.

साधनं. गूगलचं प्लॅटफॉर्म टूल्स (यात चालू फोनशी बोलणारं एडीबी आणि बूटलोडरशी बोलणारं फास्टबूट ही साधनं येतात) हेच वापरा, ताजी आवृत्ती. जुने 'एका क्लिकात एडीबी' छापाचे संच अँड्रॉइड १० नंतरच्या पार्टिशन मांडणीच्या आधीचे आहेत, त्यांना ती कळत नाही. फोल्डर सी ड्राइव्हच्या मुळाशी ठेवा, नाव छोटं, मधे मोकळी जागा नसलेलं.

तपासा: फोन चालू, यूएसबी डीबगिंग (डेव्हलपर ऑप्शन्समधली, संगणकाला फोनला आज्ञा देऊ देणारी सोय) चालू, मग

एडीबी डिव्हायसेस

क्रमांकासमोर 'डिव्हाइस' आलं तर ठीक. 'अनऑथोराइज्ड' आलं तर फोनचं लॉक उघडा, पडद्यावर परवानगीची चौकट असेल, ती स्वीकारा. मग

एडीबी रीबूट बूटलोडर
फास्टबूट डिव्हायसेस

दुसऱ्या आज्ञेला काहीच उत्तर आलं नाही, तर फोन बिघडलेला नसून विंडोजला फास्टबूटचा ड्रायव्हर मिळालेला नाही. एडीबीचा आणि फास्टबूटचा ड्रायव्हर विंडोजच्या लेखी वेगळा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेखालचं उपकरण शोधा आणि त्याला हाताने 'अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस' द्या. लिनक्सवर 'नो परमिशन्स' आलं तर यूडेव्हचे (यूएसबी उपकरण कुणाला वापरता येईल ते ठरवणारे) नियम बसवायचे राहिलेत.

फोन चालू असतानाच हे सगळं जुळवून घ्या. लोगोवर अडकलेल्या फोनसमोर बसून ड्रायव्हर शोधण्यासारखी वाईट वेळ नाही.

## टप्पा २: परतीची फाइल हातात घ्या

सेटिंग्जमध्ये अबाउट फोनवर जाऊन बिल्ड नंबर अक्षर न अक्षर लिहून घ्या. फोनच्या खोक्यावरचं नाव पुरत नाही. एकाच नावाचे भारतातले आणि बाहेरचे फोन आतून वेगळे असतात. खरं नाव फोनकडूनच घ्या:

एडीबी शेल गेटप्रॉप आरओ.प्रॉडक्ट.डिव्हाइस

जे नाव येईल ते सांकेतिक नाव. रिकव्हरीची फाइल याच नावाची हवी. 'जवळपास तेच' चालत नाही.

आता नेमक्या त्याच बिल्डचं पूर्ण स्टॉक फर्मवेअर उतरवा आणि त्यातल्या या इमेज एका वेगळ्या फोल्डरात काढा: बूट, इनिट_बूट, व्हेंडर_बूट, डीटीबीओ (हार्डवेअरची माहिती), व्हीबीमेटा, रिकव्हरी. सगळ्या असतीलच असं नाही, ज्या असतील त्या घ्या. आत 'पेलोड.बिन' नावाची एकच मोठी फाइल दिसली तर पेलोड डंपर या प्रोग्रामने ती फोडावी लागते. फोल्डरला बिल्ड नंबरचंच नाव द्या. सहा महिन्यांनी 'न्यू फोल्डर ३' मधली बूट इमेज कुठल्या अपडेटची, हे कुणालाच सांगता येत नाही.

फाइल तपासायच्या तीन गोष्टी:

- आकार. ६४ एमबीच्या जागी ४० केबी दिसत असेल तर ती इमेज नाही, डाउनलोडचं वेबपान सेव्ह झालंय.
- शेपूट. विंडोज एक्सटेन्शन लपवतं, त्यामुळे नाव बदलताना फाइल 'रिकव्हरी.आयएमजी.आयएमजी' होते. एक्सटेन्शन दिसतील असं सेटिंग आधी करा.
- ठसा. विंडोजवर 'सर्टयुटिल -हॅशफाइल', मग फाइलचं नाव, मग 'एसएचए२५६'. आलेला आकडा उतरवलेल्या जागी दिलेल्या आकड्याशी पहिली आणि शेवटची सहा-सहा अक्षरं तरी जुळवा.

थांबा: या टप्प्यावर स्टॉक बूट इमेज हातात नसेल, तर पुढे जाऊ नका. पुढची प्रत्येक दुरुस्ती तिच्यावर उभी आहे.

## टप्पा ३: फोनला चार प्रश्न

फोन फास्टबूटमध्ये असताना

फास्टबूट गेटव्हार ऑल

ही आज्ञा द्या आणि सगळं उत्तर फाइलमध्ये साठवा. त्यातून चार गोष्टी वाचायच्या.

१. 'अनलॉक्ड' पुढे 'यस' आहे का? काही फोन हे वेगळ्या शब्दांत सांगतात. लॉक असेल तर 'फ्लॅशिंग इज नॉट अलाउड इन लॉक स्टेट' येणारच. त्यात रिकव्हरीचा किंवा केबलीचा काही दोष नाही. अनलॉकची परवानगी, वाट पाहण्याचा काळ आणि अॅप प्रत्येक कंपनीचं वेगळं. काही कंपन्या देतच नाहीत.

२. 'करंट-स्लॉट' पुढे ए आहे की बी? (काही फोनमध्ये पार्टिशनांच्या ए आणि बी अशा दोन प्रती असतात, त्यांना स्लॉट म्हणतात.) अशी ओळच नसेल तर फोन एकेरी मांडणीचा आहे.

३. रिकव्हरी नावाचं पार्टिशन आहे का?

फास्टबूट गेटव्हार हॅज-स्लॉट:रिकव्हरी
फास्टबूट गेटव्हार पार्टिशन-साइझ:रिकव्हरी

४. 'इज-युजरस्पेस' पुढे काय आहे? 'नो' म्हणजे खरा बूटलोडर. 'यस' म्हणजे तुम्ही फास्टबूटडीमध्ये आहात. तो रिकव्हरीच्या आतून चालतो आणि सुपर पार्टिशनमधल्या सिस्टिम, व्हेंडर वगैरे भागांसाठी असतो. बूट आणि रिकव्हरीचं काम बूटलोडरमधून करा.

या उत्तरांवरून रिकव्हरी कुठल्या खोलीत राहते ते कळतं, आणि चुकीच्या खोलीत घुसणं हीच सगळ्यात मोठी चूक आहे.

- जुन्या एकेरी फोनमध्ये रिकव्हरीला स्वतःचं पार्टिशन असतं. सोपा मामला.
- अँड्रॉइड ७ बरोबर २०१६ मध्ये पिक्सेलपासून दोन स्लॉटची मांडणी आली. तिच्यात रिकव्हरीचं वेगळं पार्टिशन काढून टाकलं आणि ती बूट इमेजच्या रॅमडिस्कमध्ये (चालू होताना मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइलसंचात) गेली. अशा फोनवर 'फास्टबूट फ्लॅश रिकव्हरी' दिलं की 'नो सच पार्टिशन' छापाचं उत्तर येतं. ते बरोबरच आहे.
- अँड्रॉइड ११ च्या काळापासूनच्या फोनमध्ये रिकव्हरी व्हेंडर_बूटमध्ये असू शकते, किंवा रिकव्हरी_ए आणि रिकव्हरी_बी अशी दोन पार्टिशनं असतात.
- अँड्रॉइड १३ घेऊनच बाजारात आलेल्या बऱ्याच फोनमध्ये इनिट_बूट हे आणखी एक पार्टिशन आहे. साधा रॅमडिस्क तिथे गेला, म्हणून मॅजिस्कचं (फोनचा पूर्ण ताबा, म्हणजे रूट, देणाऱ्या अॅपचं) पॅचही तिथेच जातं.

शेवटच्या मुद्द्यात 'घेऊनच' हा शब्द महत्त्वाचा. १२ वर विकला गेलेला फोन अपडेटने १४ वर गेला, तरी त्यात इनिट_बूट उगवत नाही.

## टप्पा ४: आधी चालवून बघा, मग बसवा

फास्टबूट बूट रिकव्हरी.आयएमजी

ही आज्ञा रिकव्हरी रॅममध्ये चढवून चालवते, पार्टिशनवर काहीच लिहीत नाही. पडदा उजळतोय का, टच चालतोय का, स्टोरेज दिसतंय का, हे बघा. बिघडलं तर पॉवर बटण दाबून धरा, फोन होता तसा. 'अननोन कमांड' आलं तर त्या फोनच्या बूटलोडरने ही सोय बंद ठेवलीय. व्हेंडर_बूटमध्ये रिकव्हरी असलेल्या फोनवरही ती बहुधा चालत नाही.

बसवताना मांडणीप्रमाणे वाट बदलते.

वेगळं पार्टिशन असेल तर

फास्टबूट फ्लॅश रिकव्हरी रिकव्हरी.आयएमजी

'सेंडिंग' पुढे ओके, 'रायटिंग' पुढे ओके, शेवटी 'फिनिश्ड'. तिन्ही बघा. 'इनव्हॅलिड स्पार्स फाइल फॉरमॅट अॅट हेडर मॅजिक' अशी ओळ मधे आली आणि त्यापुढे ओके असेल तर ती नुसती कुरकुर आहे, सोडून द्या.

आणि आता फोन सरळ चालू करू नका. बऱ्याच स्टॉक रॉममध्ये (फोनच्या मूळ प्रणालीत) चालू होताना मूळ रिकव्हरी परत लिहिणारी व्यवस्था असते. 'फ्लॅश ओके आलं, पण रिकव्हरी जुनीच उघडते' ही तक्रार जवळजवळ नेहमी इथूनच येते. फ्लॅश झाल्या झाल्या बटणांची जोडी धरून, किंवा 'फास्टबूट रीबूट रिकव्हरी' देऊन, आधी थेट रिकव्हरीत शिरा.

बूटमध्ये रिकव्हरी असेल तर ती आधी वरच्या रीतीने तात्पुरती चालवा आणि आतल्या 'इन्स्टॉल रिकव्हरी रॅमडिस्क' किंवा 'फ्लॅश करंट टीडब्ल्यूआरपी' (टीडब्ल्यूआरपी हे एका कस्टम रिकव्हरीचं नाव) या पर्यायाने बसवा. रिकव्हरीची फाइल सरळ 'फास्टबूट फ्लॅश बूट' ने मारली, तर फोनचा मूळ कर्नल (हार्डवेअर चालवणारा गाभा) आणि रॅमडिस्क दोन्ही त्या फाइलीने झाकले जातात, आणि फोन पुढे रिकव्हरीतच उघडत राहतो. तसं झालंच असेल तर त्याच बिल्डची स्टॉक बूट इमेज त्याच स्लॉटवर परत मारा. दुसरं काही नको.

व्हेंडर_बूट किंवा दोन रिकव्हरी पार्टिशनं असतील तर त्या फोनसाठी रिकव्हरी बांधणाऱ्याने कुठल्या पार्टिशनचं नाव दिलंय ते वाचा. इथे अंदाज चालत नाही.

## टप्पा ५: लक्षणावरून दोष

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर फोन चालू करून बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरा झाला आणि कशाने बिघडला, दोन्ही कळत नाही.

मॅजिस्क टाकल्यावर लोगोवर फिरतोय. दोन शक्यता. पॅच केलेली बूट इमेज दुसऱ्या बिल्डची होती, किंवा एखादं मॉड्यूल (मॅजिस्कमध्ये टाकलेली जोड) आडवं आलं. मॉड्यूलची शंका असेल तर फोन चढताना आवाज कमी करायचं बटण धरून सेफ मोडमध्ये न्या. मॅजिस्क तेव्हा मॉड्यूलं बंद करतं आणि पुढच्या वेळी फोन साधा चालू केला तरी ती बंदच राहतात. तरीही चढला नाही तर स्टॉक इमेज परत मारा: पॅच ज्या पार्टिशनवर मारलं होतं त्याच पार्टिशनची. इनिट_बूट बिघडवून बूट फ्लॅश करत बसणारे बरेच दिसतात.

अपडेटनंतर वाय-फाय, आवाज किंवा टच गेला. रॉम नवा आणि बूट इमेज जुनी. कर्नल आणि त्याची मॉड्यूलं यांचा मेळ तुटला. नव्या बिल्डची बूट, व्हेंडर_बूट आणि डीटीबीओ तिन्ही एकाच पॅकेजातून घ्या.

प्रत्येक वेळी रिकव्हरीतच उघडतो, स्टॉक बूट मारूनही. हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. 'मिस्क' नावाच्या छोट्या पार्टिशनच्या सुरुवातीला २०४८ बाइटची एक चिठ्ठी असते. फोन रिकव्हरीत जायला सांगितलं की तिच्यात 'बूट-रिकव्हरी' असं लिहिलं जातं, आणि काम संपल्यावर रिकव्हरीने ते पुसायचं असतं. काम अर्धवट राहिलं तर चिठ्ठी तशीच राहते आणि बूटलोडर इमानदारीने दर वेळी तिथेच पाठवतो. रिकव्हरीत एडीबी चालत असेल तर तेवढीच चिठ्ठी पुसा:

एडीबी शेल डीडी इफ=/डेव्ह/झीरो ऑफ=/डेव्ह/ब्लॉक/बाय-नेम/मिस्क बीएस=२०४८ काउंट=१

('इफ' आणि 'ऑफ' ही प्रत्येकी दोनच अक्षरं: आय-एफ आणि ओ-एफ.) बाय-नेम फोल्डर काही फोनमध्ये 'बूटडिव्हाइस' फोल्डरच्या आत असतं, आधी 'एलएस' देऊन बघा. 'काउंट=१' विसरू नका. अख्खं मिस्क पुसायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण काही फोनमध्ये स्लॉटची नोंद त्यातच, या चिठ्ठीच्या लगेच पुढे ठेवलेली असते. ती गेली की एक दुखणं जाऊन दुसरं येतं.

'डिव्हाइस इज करप्ट' असा लाल इशारा. बूटची पडताळणी व्हीबीमेटाशी जुळत नाही. नारिंगी इशारा मात्र अनलॉक फोनवर कायमचा येतो, त्याला औषध नको. लाल आला तर पहिला उपाय स्टॉक बूट आणि स्टॉक व्हीबीमेटा. पडताळणी बंद करायची आज्ञा

फास्टबूट --डिसेबल-व्हेरिटी --डिसेबल-व्हेरिफिकेशन फ्लॅश व्हीबीमेटा व्हीबीमेटा.आयएमजी

ही आहे, पण फोनच्या स्वतःच्या व्हीबीमेटा फाइलीनेच द्या. इंटरनेटवरची 'सगळ्यांना चालणारी रिकामी व्हीबीमेटा' टाळा. ही स्थिती बदलल्यावर काही फोन डेटा पुसल्याशिवाय उघडत नाहीत, हे धरून चला.

रिकव्हरीत फोल्डरांची नावं म्हणजे अगम्य अक्षरांची भेळ. डेटा गेलेला नाही, कुलूपबंद आहे, आणि या रिकव्हरीकडे किल्ली नाही. इथे लोक सरळ 'फॉरमॅट डेटा' वर जाऊन 'यस' टाइप करतात आणि फोटो घालवतात. झिप टाकण्यासाठी आतलं स्टोरेज दिसायलाच हवं असं नाही. 'एडीबी साइडलोड' (संगणकावरून केबलने झिप थेट रिकव्हरीला देणं) वापरा किंवा ओटीजीने (फोनला यूएसबी वस्तू जोडायच्या छोट्या अडॅप्टरने) पेनड्राइव्ह लावा. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसत नाही. फॉरमॅट डेटा लागतं ते स्टॉकवरून कस्टम रॉमवर किंवा उलट जाताना, आणि तेव्हा बॅकअप आतल्या स्टोरेजवर ठेवून उपयोग नाही, तोही जातो.

साइडलोड ४७ टक्क्यांवर थांबतं. संगणकावर तसं दिसून आज्ञा संपली तरी घाबरू नका. फोनच्या पडद्यावर शेवटी काय लिहिलंय तेच खरं. केबल ओढू नका.

'एरर ७'. झिप दुसऱ्या फोनसाठी आहे, किंवा फोनमधलं फर्मवेअर तिला हवं त्यापेक्षा जुनं आहे. झिपमधली तपासणीची ओळ खोडून पुढे ढकलायचा सल्ला मिळेल. ती ओळ तुमच्याच फोनसाठी राखण करत होती.

रिकव्हरी उघडते, टच नाही. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन कंपन्यांचे पडदे असतात, आणि बदललेला डिस्प्ले असेल तर शक्यता अजून वाढते. ओटीजीने माउस लावून काम उरका, रिकव्हरी त्याला ओळखते.

नुसता बूटलोडरच उघडतो. दोन स्लॉटच्या फोनवर तीन गोष्टी विचारा: 'स्लॉट-अनबूटेबल:ए', 'स्लॉट-रिट्राय-काउंट:ए', 'स्लॉट-सक्सेसफुल:ए', आणि मग तेच बीसाठी. चढायचे प्रयत्न संपले की फोन तो स्लॉट बाद ठरवतो. चालू स्लॉट दुरुस्त केल्यावर

फास्टबूट --सेट-अॅक्टिव्ह=ए

दिलं की मोजणी नव्याने सुरू होते.

थांबा: दुसऱ्या स्लॉटवर 'बघू तरी' म्हणून उडी मारू नका. कधीच अपडेट न घेतलेल्या फोनचा दुसरा स्लॉट रिकामा किंवा अर्धा भरलेला असू शकतो, आणि तिथला बूटलोडरच अपुरा असेल तर फास्टबूटही हातचं जातं. लिनिएजओएस या कस्टम रॉमच्या काही फोनसाठीच्या सूचनांत आधी पार्टिशनं दुसऱ्या स्लॉटवर कॉपी करायची झिप देतात, ती याचसाठी. तो टप्पा वगळू नका.

## टप्पा ६: स्टॉकवर परत येण्याचा क्रम

१. गेटव्हारने चालू स्लॉट परत बघा.
२. त्याच बिल्डच्या बूट, इनिट_बूट, व्हेंडर_बूट, डीटीबीओ, रिकव्हरी यांतल्या ज्या बदलल्या असतील तेवढ्याच, आणि शेवटी व्हीबीमेटा. नावामागे स्लॉट लावला नाही तर फाइल चालू स्लॉटवर जाते. शंका असेल तर 'बूट_ए' असं पूर्ण नाव द्या.
३. चालू करा आणि दहा मिनिटं थांबा. पुसलेला फोन पहिल्यांदा चढायला वेळ घेतो.
४. नाही चढला, तरच पूर्ण फर्मवेअर. फास्टबूटने देत असाल तर सुपरमधले भाग फास्टबूटडीमधून: 'फास्टबूट रीबूट फास्टबूट'.

पूर्ण फर्मवेअरसोबत येणाऱ्या स्क्रिप्टमध्ये लॉक करणारी एक वेगळी असते. शाओमीच्या मीफ्लॅशमध्ये तर खालच्या ओळीत 'क्लीन ऑल अँड लॉक' आधीच निवडलेलं असतं. ते बदलून 'क्लीन ऑल' किंवा 'सेव्ह युजर डेटा' करा. आत काहीही कस्टम उरलं असताना, किंवा दुसऱ्या देशाचं फर्मवेअर असताना बूटलोडर लॉक झाला, तर फोन चढत नाही आणि लॉक असल्यामुळे काही फ्लॅशही होत नाही. लॉक करायचंच असेल तर स्टॉकवर फोन एकदा पूर्ण चालू करून, अपडेट तपासून, मगच.

जुन्या बिल्डवर उतरायचं असेल तर 'अँटी' नावाची ओळ गेटव्हारमध्ये आहे का बघा. तिथला आकडा फर्मवेअरच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर खाली उतरू नका, काही फोन त्यात कायमचे जातात.

सॅमसंगवाल्यांनी वरच्या आज्ञा विसरायच्या. तिथे फास्टबूट नाही, फोनचा डाउनलोड मोड आणि संगणकावरचा ओडिन हा प्रोग्राम. रिकव्हरी टाकताना ओडिनमधली 'ऑटो रीबूट' ची खूण काढा, कारण तेच: थेट रिकव्हरीत शिरायचंय. डेटा राखायचा तर फर्मवेअरमधल्या सीएससी फाइलीच्या जागी होम सीएससी. आणि नॉक्सचा (सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा) फ्यूज एकदा उडाला की स्टॉकवर येऊनही परत भरत नाही.

## टप्पा ७: पडद्यावर काहीच नाही

आधी साध्या गोष्टी. चांगल्या चार्जरवर एक तास. मग पॉवर बटण ३० सेकंद, मग पॉवर आणि आवाज कमी, मग पॉवर आणि आवाज वाढ. तरी अंधारच असेल तर संगणकाला जोडून डिव्हाइस मॅनेजर बघा. 'क्यूडीलोडर ९००८' दिसलं तर क्वालकॉम फोन आपत्कालीन अवस्थेत आहे. मीडियाटेकचा फोन 'प्रीलोडर' म्हणून क्षणभर दिसून जातो. म्हणजे चिप जिवंत आहे, पण इथून पुढे घरच्या साधनांचं काम नाही. बऱ्याच फोनना कंपनीची सही असलेली फाइल आणि अधिकृत खातं लागतं.

दुकानात देताना तीन गोष्टी सांगा: नेमकं मॉडेल, शेवटी कुठली फाइल कुठल्या पार्टिशनवर मारली, आणि आधीचा बिल्ड नंबर. आणि एक गोष्ट विचारा: 'पूर्ण इरेज करणार का?' सरसकट पुसण्यात मॉडेमएसटी१, मॉडेमएसटी२, एफएसजी, पर्सिस्ट, किंवा मीडियाटेकचं एनव्हीरॅम आणि एनव्हीडेटा गेलं, तर फोन चालू होतो पण नेटवर्क येत नाही किंवा सेन्सर बिघडतात. परत घेताना दुकानातच *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळखक्रमांक) खोक्यावरच्या आकड्याशी जुळवा. 'दुसरा आयएमईआय टाकून देतो' असं कुणी म्हणालं तर फोन उचला आणि बाहेर पडा. आयएमईआयशी छेडछाड हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली गुन्हा आहे.

फोन अजून धडधाकट असेल आणि रिकव्हरी चालत असेल, तर हीच पार्टिशनं आज उतरवून ठेवायला पाच मिनिटं लागतात:

एडीबी शेल डीडी इफ=/डेव्ह/ब्लॉक/बाय-नेम/मॉडेमएसटी१ ऑफ=/टीएमपी/मॉडेमएसटी१.आयएमजी
एडीबी पुल /टीएमपी/मॉडेमएसटी१.आयएमजी

बाकीच्यांसाठी नाव बदलून तेच. 'ऑफ' पुढे ब्लॉकचा पत्ता येत नाही ना, एंटर दाबण्याआधी बोट ठेवून वाचा. या फाइली याच फोनच्या आहेत, दुसऱ्या कुणाला देऊ नका आणि दुसऱ्याच्या घेऊ नका.